विहिरीतले पिवळे गोटे: समुद्रतळावरच्या खनिजाचं पूर्व विदर्भातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांच्या सीमेलगतचं गाव. धान, तूर, थोडी मिरची. कालव्याचं पाणी या शिवारापर्यंत येत नाही, त्यामुळे सगळा भार विहिरींवर. प्रकरणातले शेतकरी पन्नाशी ओलांडलेले. गाव त्यांना काकाजी म्हणतं, इथेही तेच म्हणू. ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळले आहेत.

एका वैशाखात त्यांच्या विहिरीनं तळ गाठला. पंचेचाळीस फुटांची विहीर आणखी बारा-तेरा फूट उतरवायचं ठरलं. टोळी आली, सुरुंग लागले, क्रेननं डबर वर येऊ लागलं. सुरुवातीला नेहमीचा करडा-हिरवट, पापुद्र्यांचा खडक होता. मग पितळेसारखे चमकणारे, हाताला जड लागणारे गोटे निघाले. काहींत ही पिवळी चमक पापुद्र्यांना धरून, पट्ट्यापट्ट्यांनी भरलेली होती. टोळीतल्या एका पोरानं फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो तालुकाभर फिरला आणि दुसऱ्या सकाळी विहिरीवर मोटारसायकलींची रांग लागली.

गावाला हसण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या भागात सोन्याची अफवा अगदीच हवेतून येत नाही. इथला खडक भूगर्भशास्त्रात साकोली समूह म्हणून ओळखला जातो, आणि त्यात जस्त, टंगस्टन, सोनं यांचा शोध सरकारी यंत्रणांनी अनेक वर्षं घेतला आहे. कोलारीकडचं जस्त, खोबन्याचं टंगस्टन, परसोडीकडचं सोन्याचं सर्वेक्षण या गोष्टी जुन्या माणसांच्या कानावर आहेत. जीप घेऊन आलेले आणि दगड पोत्यात भरून नेणारे साहेब त्यांनी पाहिलेले आहेत.

प्रश्न

पहिला प्रश्न सरळ होता: हे सोनं आहे का?

काकाजींनी गोटा तालुक्याच्या सोनाराकडे नेला. सोनारानं कसोटीच्या दगडावर घासला. काळपट-हिरवी रेघ उठली. सोन्याची रेघ पिवळीच उठते. हातोडीचा एक ठोका दिला तर गोट्याचा भुगा झाला, आणि सोनं ठोक्यानं फुटत नाही, पसरतं. सोनाराचं उत्तर दोन मिनिटांत तयार होतं. प्रकरण तिथेच मिटायला हवं होतं.

तेवढ्यात शहरातून एक मध्यस्थ आला. त्याचं म्हणणं, "कच्चं सोनं कसोटीवर येत नाही, मशीनवर येतं." त्या मशीनच्या तपासणीसाठी तो बऱ्या बैलजोडीच्या किमतीएवढी रक्कम मागत होता. शिवाय शेताचा इसारा आजच करू, उद्या सरकारला कळलं तर जमीन जाईल, असंही सांगत होता. त्याच्या बोलण्यात एक धागा खरा होता, आणि अडचण तीच होती. पायराइट नावाच्या या लोह-गंधकाच्या खनिजात कधीकधी डोळ्याला न दिसणारं सोनं खरोखर अडकलेलं असतं. सोनाराची कसोटी तेवढं सांगू शकत नाही.

दुसरा प्रश्न कोणी विचारलेलाच नव्हता. आठवडाभरानं वळिवाची एक जोरदार सर आली. डबराचा ढीग विहिरीच्या काठालाच होता. त्याच्या बुडातून तांबूस-पिवळं पाणी झिरपलं आणि शेजारच्या सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यात शिरलं. तीन-चार दिवसांत वाफा करपला. गोट्यांवर पांढुरकी-पिवळसर भुकटी धरली आणि जवळ गेलं की फटाक्यांसारखा वास यायचा. काकाजींच्या पुतण्यानं, जो बीएस्सीला आहे, ही गोष्ट आपल्या महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्राच्या मॅडमना सांगितली. गोटाही नेऊन दाखवला.

माझ्या मते या प्रकरणाचं खरं वळण हे आहे. मॅडमनी सोन्याचा प्रश्न बाजूला ठेवून आधी विचारलं, "ढीग कुठे टाकलाय?"

हा दगड मुळात तयार कसा होतो

त्यांनी तो प्रश्न का विचारला हे समजायला दगडाचा जन्म पाहावा लागतो. मॅडम गावात आल्या तेव्हा ओट्यावर बसून त्यांनी तो सांगितलाही. काकाजी मधेच म्हणाले, "मॅडम, समुद्र कुठं अन् आमचं वावर कुठं, काहीही सांगून राहिल्या तुम्ही."

विदर्भात ज्वालामुखी म्हटलं की शाळेतला काळा दख्खनचा खडक आठवतो. तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरला. नागपूरची सीताबर्डीची टेकडी त्याचाच भाग. काकाजींच्या शेताखालचा खडक त्याहून कितीतरी जुना, अब्जाहून अधिक वर्षांपूर्वीचा. तेव्हा इथे समुद्र होता, आणि त्याच्या तळाशी साचणाऱ्या गाळाच्या थरांमध्ये ज्वालामुखीचे थरही येत होते. नंतर सगळंच दाबलं गेलं, तापलं, दुमडलं आणि आजचे पापुद्रे झाले.

समुद्रतळावर ज्वालामुखी असला की खालचा तप्त शिलारस काही किलोमीटरांवरच असतो. वरचा खडक भेगाळलेला असतो. समुद्राचं थंड पाणी त्या भेगांतून खाली उतरतं आणि वाटेत तापत जातं. साधारण दीडशे अंशांच्या पुढे एक उलटी गोष्ट घडते. मीठ-साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, पण समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम सल्फेट तापल्यावर विरघळलेलं राहत नाही. पाण्याच्या बंबाला आतून क्षाराची पापडी धरते, तसं ते भेगांच्या भिंतींवर अ‍ॅनहायड्राइट म्हणून बसतं. पाण्यातलं मॅग्नेशियम खडक ओढून घेतो आणि त्या बदल्यात पाणी आम्लधर्मी होतं. विरघळलेला प्राणवायू तर आधीच संपलेला असतो. असं तापलेलं, आंबट, प्राणवायू नसलेलं खारं पाणी खडकातून लोह, तांबं, जस्त आणि थोडं सोनंसुद्धा सोडवून घेतं. धातूंना पाण्यात धरून ठेवण्याचं काम मुख्यतः मिठातलं क्लोराइड करतं. गंधक काही खडकातून येतं, काही समुद्राच्या सल्फेटमधून.

पाणी साडेतीनशे अंशांपर्यंत तापतं, पण उकळत नाही. अडीच हजार मीटर खोलीवर वातावरणाच्या अडीचशे पट दाब असतो. इतकं तापलेलं पाणी हलकं होऊन वेगानं वर येतं आणि तळातून बाहेर पडताच दोन-तीन अंशांच्या थंड समुद्रात मिसळतं. धातू आणि गंधक क्षणात एकत्र येऊन सल्फाइडचे बारीक कण होतात. काळ्या धुरासारखा जो लोट दिसतो, तो याच कणांचा. तोंडाभोवती आधी अ‍ॅनहायड्राइटची नळी उभी राहते. नळीच्या आतल्या, सगळ्यात तप्त बाजूला तांब्याचं चाल्कोपायराइट बसतं, बाहेरच्या थंड बाजूला पायराइट आणि जस्ताचं स्फॅलेराइट. बहुतेक धातू मात्र धुराबरोबर दूर वाहून जातो. तळाशी उरतो तो थोडा वाटा.

हे माणसानं पाहिलं तेही फार जुनं नाही. १९७७ मध्ये अल्विन ही पाणबुडी गालापागोसजवळ समुद्रतळावरच्या कोमट झऱ्यांपर्यंत पोहोचली. १९७९ मध्ये मेक्सिकोच्या पश्चिमेला, पूर्व पॅसिफिक कटकावर, म्हणजे समुद्रतळावरच्या डोंगररांगेवर, काळा धूर सोडणारी तोंडं सापडली. तिथे तापमान मोजायला घातलेल्या दांडीचं टोक वितळलं. अटलांटिकच्या मध्य कटकावर टॅग नावाचा ढिगारा आहे, सुमारे २०० मीटर रुंद आणि ५० मीटर उंच. १९९४ मध्ये त्यात छिद्रं पाडली तेव्हा आत भरपूर अ‍ॅनहायड्राइट निघालं. झरा थंडावला की ते पुन्हा विरघळतं, नळ्या कोसळतात, तुकडे साचतात, आणि नवं गरम पाणी त्या फटींत सल्फाइड भरतं. ढीग असाच आतून वाढतो.

सगळे सागरी ज्वालामुखी एका पद्धतीनं वागत नाहीत. न्यूझीलंडच्या ईशान्येला कर्माडेक रांगेत ब्रदर्स नावाचा ज्वालामुखी आहे, मुखाची रुंदी सुमारे ३ किलोमीटर. तिथे २०१८ मध्ये खोदकाम झालं. त्याच्या वायव्य भिंतीवर वर सांगितलेली, समुद्राच्या पाण्याची पद्धत चालते आणि तिथल्या नळ्यांत तांबं भरपूर. आतल्या शंकूवर मात्र शिलारसातून निघणारे वायू थेट पाण्यात मिसळतात. त्यामुळे पाणी फार आम्ल होतं आणि शुद्ध गंधकही साचतं. एकाच डोंगराच्या दोन अंगांचा माल वेगवेगळा.

काकाजींसाठी कामाचा भाग याच्या पुढचा आहे. समुद्रतळावर तयार झालेलं सल्फाइड उघडं राहिलं तर समुद्राच्याच पाण्यातल्या प्राणवायूनं गंजतं. लाव्हा किंवा गाळ त्यावर लवकर पसरला तरच ते टिकतं. म्हणजे अब्जाहून अधिक वर्षांपूर्वीचा हा गोटा आजपर्यंत शाबूत राहिला, कारण त्याला कधी हवा लागली नाही. ती सुरुंगानं लागली. पायराइटला हवा आणि पाणी एकदम मिळालं की लोहाचे क्षार आणि गंधकाचं आम्ल तयार होतं. वाफा करपला तो यानं. स्पेनमधली रिओ तिंतो नदी अशाच सल्फाइडच्या जुन्या पट्ट्यातून वाहते, आणि तिचं पाणी लाल आणि कमालीचं आम्ल आहे.

पडताळणी

चमकतं सल्फाइड दिसलं की ते समुद्रतळाचंच, असं धरून चालत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ठाणेवासन्याचं तांबंही गरम पाण्यानंच आणलं, पण ते खडक चिरत गेलेल्या भेगांत, गारगोटीच्या शिरांमध्ये बसलेलं आहे. म्हणून मॅडमनी ढिगातले पन्नासेक तुकडे पाहिले. चमक पापुद्र्यांना समांतर आहे की त्यांना छेदून जाते? बहुतेकांत समांतर होती. सोबत क्लोराइट हे हिरवट खनिज आणि मूळचे ज्वालामुखीचे वाटणारे फिकट थर होते. सूक्ष्मदर्शकाखाली पायराइट भरपूर, तपकिरी स्फॅलेराइट थोडं, तांबं नगण्य. यावरून गरम झऱ्याच्या तोंडापासून दूरची, थंड बाजू असावी असा अंदाज त्यांनी बांधला. अंदाजच, कारण इतक्या वर्षांच्या दाबात आणि तापात धातू थोडे इकडचे तिकडे होतात.

समोर असलेले पर्याय

सोन्याच्या बाबतीत तीन वाटा होत्या. मध्यस्थाला पैसे देणं; सोनाराचा शब्द प्रमाण मानून विषय सोडणं; किंवा स्वतः नमुना प्रयोगशाळेत देणं. काकाजींचा धाकटा भाऊ पहिल्या वाटेनं निघाला होता. सोसायटीचं कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला "कदाचित" हा शब्द फार मोठा वाटतो, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दुसरी वाट स्वस्त होती, पण अफवा जिवंत राहिली असती.

जमीन जाईल या भीतीचाही निकाल लावायचा होता. १९५७ च्या खाण व खनिज कायद्यानुसार खाणपट्टा मिळाल्याशिवाय असं खनिज काढता येत नाही, मग शेत कोणाचंही असो. पण शेतात चमकता दगड निघाला म्हणून कोणी सातबारा बदलत नाही. मध्यस्थ याच दोन गोष्टींची सरमिसळ करत होता. राज्याचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय नागपुरातच आहे, तिथे कोणीही जाऊन विचारू शकतो, हे मॅडमनी सांगितलं तेव्हा त्याचा आवाज खाली आला.

ढिगाचं काय करायचं यावर जास्त खल झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. मृग पंधरा दिवसांवर आला होता.

एक ठेकेदार पांदण रस्त्यावर टाकायला डबर फुकट उचलायला तयार होता. मोह पडावा असा प्रस्ताव होता, पण त्यानं आम्ल पाणी रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या वावरांत गेलं असतं आणि भांडणं काकाजींच्या दारात आली असती. नाल्यात ढकलणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात वाईट. पुतण्यानं सुचवलेली युक्ती हुशार होती: शेजारी पडीक विहीर आहे, तिच्यात पाण्याखाली टाकू, म्हणजे हवा लागणार नाही. दगड ताजा असता तर ही युक्ती कदाचित चालली असती. पण गोट्यांवर भुकटी धरली होती. ती भुकटी म्हणजे आधीच तयार झालेले आम्ल क्षार. ते पाण्यात लगेच विरघळले असते आणि भूजलात उतरले असते. चौथा पर्याय खड्ड्याचा: उंचवट्यावर, पाण्याच्या पातळीच्या बराच वर खड्डा, तळाला काळी चिकणमाती, डबरात चुनखडीचा चुरा, वरून पुन्हा चिकणमाती ठोकून उतार द्यायचा. याला खर्च होता आणि थोडी जमीन अडकणार होती.

काय केलं

नमुना नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत दिला. खर्च मध्यस्थाच्या मागणीच्या मानानं किरकोळ होता आणि तो काकाजींनीच केला. महाविद्यालय पैसे भरायला तयार होतं, पण मॅडमनी मुद्दाम तसं होऊ दिलं नाही. त्यांचं म्हणणं, अहवाल ज्याच्या पैशाचा, त्याचाच त्यावर विश्वास बसतो. मला हे तेव्हा कठोर वाटलं होतं, नंतर पटलं.

अहवालाची वाट न पाहता ढीग हलवायचं ठरलं. चमकता माल आणि साधा मुरूम वेगळा केला. हे काम काकाजींच्या घरच्या बायकांनी सगळ्यांत नीट केलं, कारण हातातल्या वजनावरून दगड ओळखायचा हे त्यांना एकदा दाखवणं पुरलं. पायराइट पाण्याच्या पाचपट जड असतं, साधा खडक अडीच-पावणेतीनपट. साधा मुरूम बांधावर गेला, चमकता खड्ड्यात. विहिरीच्या काठावर उरलेली तांबूस माती खरवडून तीही खड्ड्यात टाकली.

विहिरीचं, ढिगाखालच्या डबक्याचं आणि गावच्या नळाचं पाणी लिटमससारख्या रंगपट्टीनं तपासलं. डबक्याचा आकडा ३ च्या आसपास आला, विहिरीचा ६ च्या वर, नळाचा ७. सात म्हणजे पाणी आम्ल नाही; आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त. विहिरीचं पाणी वेगळं बाटलीत भरून भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत दिलं. निकाल येईपर्यंत ते गुरांना पाजायचं नाही, एवढं बंधन काकाजींनी मान्य केलं.

निष्पत्ती

सोनं प्रयोगशाळेच्या मोजणीच्या मर्यादेखाली होतं. जस्त होतं, पण दगडाच्या एका ढिगावरून साठा ठरत नाही. त्यासाठी किती खोल, किती लांब हे छिद्रं पाडून पाहावं लागतं. मध्यस्थ पुन्हा आला नाही.

विहिरीच्या पाण्यात लोह जास्त निघालं, बाकी धातू मर्यादेत. पहिल्या पावसाळ्यात उपसा सुरू राहिला आणि दिवाळीपर्यंत रंगपट्टीचा आकडा सातच्या जवळ आला. पिण्यासाठी ते पाणी वापरत नाहीत, ओलितासाठी चालतं. करपलेल्या वाफ्यात चुना घालून पुढच्या वर्षी पुन्हा सांभार लावला, तो उगवला, पण विरळ.

पुतण्यानं नंतर विचारलं होतं की समुद्रात हे आज तयार होतंय तर तिथून काढतात का. व्यापारी खाण अजून कुठेही उभी नाही. भारतानं मात्र २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार केला. हिंदी महासागराच्या मध्य आणि नैर्ऋत्य कटकांवर १०,००० चौरस किलोमीटरांत अशा सल्फाइडचा शोध घ्यायचा, मुदत १५ वर्षं. डिसेंबर २०२४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी मध्य कटकावर सुमारे साडेचार हजार मीटर खोलीवरच्या एका जिवंत झऱ्याचे फोटोही घेतले. काकाजींनी ते पुतण्याच्या मोबाइलवर पाहिले. त्यांचा प्रश्न होता, तिथलं डबर कुठं टाकणार?

वेगळं काय करता आलं असतं

गोटे कोणत्या फुटाला लागले याची नोंद टोळीनं ठेवली नाही. क्रेनच्या प्रत्येक खेपेचा ढीग वेगळा टाकला असता तर चमकता थर किती जाड आहे ते कळलं असतं. विहीर तिथेच थांबवायची की आणखी उतरवायची, हा निर्णयही नीट घेता आला असता. प्रत्यक्षात सुरुंगानं तो थर आणखी भेगाळला.

ढीग पहिल्याच दिवशी काठापासून लांब टाकला असता तर निम्मं काम वाचलं असतं. पूर्व विदर्भात विहीर खोदताना जड, चमकता दगड लागला की डबर उताराच्या खालच्या बाजूला, पाण्यापासून दूर टाकावं, हे टोळ्यांना सांगायला काही खर्च लागत नाही. पावसाआधी विहिरीच्या पाण्याचा नमुना घेतलेला नव्हता. त्यामुळे लोह आधीपासूनच जास्त होतं की नंतर वाढलं, हे सिद्ध करता येत नाही.

"सोनं नाही" ही बातमी कशी दिली यावर मॅडमचं आणि माझं एकमत नाही. अहवाल त्यांनी चावडीवर, सगळ्यांसमोर वाचला. अफवा मारायला तो उपाय उत्तम होता. पण काकाजींना ती गोष्ट आधी घरात कळायला हवी होती असं मला वाटतं. त्या दिवशी त्यांची थट्टा झाली आणि धाकटा भाऊ बरेच दिवस मॅडमशी बोलला नाही. मॅडम म्हणतात, घरात आधी सांगितलं असतं तर गाव म्हणालं असतं की मिळून लपवलं. त्यांचंही खोटं नाही.

खड्डा दर पावसाळ्यानंतर पाहावा लागतो. माती खचली, तडा गेला, खाली ओल तांबूस दिसली तर पुन्हा चुना आणि चिकणमाती. दोन पावसाळे पुतण्यानं हे केलं. तो नोकरीला बाहेर गेला की कोण करणार हे ठरलेलं नाही. उद्या शेत विकलं तर घेणाऱ्याला खड्ड्याची माहिती मिळायला हवी, पण सातबाऱ्यावर अशी नोंद करण्याची पद्धत नाही. सध्या मॅडमनी काढून दिलेला नकाशा आणि अहवालाची प्रत काकाजींच्या घरी पासबुकांच्या पिशवीत आहे, आणि दुसरी प्रत ग्रामपंचायतीत द्यायची राहिली आहे.